जयवंताबाईची पन्नी

जयवंताबाईने शाळेतली सरकारी पुस्तकं चुलीत घातली, ही बातमी मंगळवारी दुपारी हँडपंपावर निघाली आणि दिवस मावळायच्या आत रामाकोन्याला पोचली. सौंसरच्या बसस्टँडवर तिला आणखी हातपाय फुटले. तिथे ऐकणाऱ्याला असं कळलं, की बाईने पुस्तकांच्या जाळावर पाणी तापवलं आणि डोक्यावरून आंघोळ केली. पुस्तकाचं रंगीत कव्हर जळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले चार जण निघाले. त्यातले दोघे त्या दिवशी नागपूरला होते, पण साक्षीदार माणसाने इतकं बारीक पाहू नये.

खरं एवढंच, की जळालं ते वरण. जयवंताबाई शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. गॅस संपला की चूल पेटवते, आणि गॅस आमच्या शाळेत बहुतेक संपलेलाच असतो. त्या मंगळवारी ती उलट्या घमेल्यावर बसून, वटवाघूळ अंधारात भिंतीवर आपटत कसं नाही, हे एका पुस्तकात वाचत होती. वटवाघूळ पान संपेपर्यंत एकदाही आपटलं नाही. वरण मात्र बुडाला लागलं. हेडमास्तर केशवराव वासावर आले. त्यांनी सामानाच्या खोलीत डोकावलं, तर पुस्तकांचं कपाट उघडं आणि वरची फळी अर्धी रिकामी. केशवराव गणिताचे. धूर अधिक रिकामी फळी बरोबर चूल, असं उत्तर त्यांनी उभ्याउभ्या काढलं आणि ताळा न करता गावाला सांगून टाकलं.

आता ही जयवंताबाई कोण, ते ऐका. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारकार्डावर दुसरी. शिक्षण ह्याच शाळेत चौथीपर्यंत, तेही मराठीतून. नवरा सुखदेव बोरगावच्या एका कंपनीच्या गेटवर चौकीदार. तो आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘कुठे चालले?’ विचारतो आणि घरी आल्यावर एक प्रश्न विचारायचं त्याच्या जिवावर येतं. लेक लग्न होऊन मोहगावला. एकूण बाई साधी. मीठ थोडं जास्त घालते आणि बोलतेही तसंच.

आणि पुस्तकं कुठली? दोन-अडीच वर्षांपूर्वी सरकारने शाळेला एक पेटी पाठवली. आत साठ पुस्तकं होती, थोडी मराठी, बाकी हिंदी, कारण आमचं गाव मराठी असलं तरी राज्य हिंदी. मुंग्यांची, ताऱ्यांची, झाडांची, पाणचक्की घरी कशी बनवायची त्याची. पोरांना कुतूहल वाटावं, त्यांनी प्रश्न विचारावेत, खटपट करून काहीतरी बनवावं, असा म्हणे हेतू होता. केशवरावांनी हेतू मनापासून पाळला. पोरांना अंगणात ओळीने बसवलं, प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक दिलं, पोरं वाचताहेत असा फोटो काढला, फोटो वर पाठवला आणि पुस्तकं परत गोळा केली. सगळा सोहळा अकरा मिनिटांत आटोपला. एका पोराने पान उलटलं होतं, त्याला दरडावलं. मग पुस्तकं सामानाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, तांदळाच्या पोत्यांशेजारी, कुलपात गेली.

“पोट्ट्याइले देली तं फाडतीन,” केशवराव म्हणत. “साहेब आले अन् एक कमी निघालं तं जवाब कोन देईन?”

अशा रीतीने विज्ञान आमच्या गावात सुरक्षित राहिलं. कपाटाची चाबी आणि खोलीची चाबी एकाच कडीत, आणि कडी जयवंताबाईच्या कमरेला, कारण तांदळाची धूळ उडाली की गुरुजींना शिंका येत.

जयवंताबाईने ते कपाट पहिल्यांदा उघडलं ते हळदीसाठी. पावसाळ्यात खोली गळायची आणि मसाल्याचे पुडे ओले व्हायचे. कोरडी जागा एकच, सरकारी कपाटाची. हळद ठेवता ठेवता समोरचं पुस्तक खाली पडलं आणि उघडलं गेलं. पानावर एक रडणारी बाई, हातात कांदा. खाली लिहिलेलं: कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं?

बाईला राग आला. तीस वर्षं ती कांदे चिरत होती, त्यातली सात ह्या शाळेत, रोज परातभर. आणि कोण कुठला दिल्लीचा माणूस तिलाच कांद्याचं विचारतो! ह्याने जन्मात कधी नव्वद पोरांचा कांदा चिरला असेल का? “येते म्हनून येते,” ती पुस्तकाला म्हणाली आणि कपाट लावलं. कुलूप घातलं. दारापर्यंत गेली. मग परत आली. कारण दारापर्यंत जाता जाता तिच्या लक्षात आलं, की तीस वर्षं आपण रडलो आणि एकदाही विचारलं नाही, काहून.

बोटाखाली ओळ धरून तिने ते पान वाचलं. कांद्यातून एक वायू निघतो, तो डोळ्यातल्या ओलाव्यात मिसळतो आणि झोंबतो. कांदा गार पाण्यात ठेवून चिरला तर कमी झोंबेल. दुसऱ्या दिवशी तिने अर्धे कांदे पाण्यात ठेवले, अर्धे तसेच. अर्ध्यांवर रडली, अर्ध्यांवर नाही. त्या दिवशी ती भाजीत मीठ घालायचंच विसरली आणि पोरांनी पहिल्यांदा भाजी मागून घेतली.

झालं. कपाटाला चटक लागली म्हणा की बाईला. वरण शिजेपर्यंत दोन पानं, भांडी वाळेपर्यंत चार. पुढे पुढे एखादं पुस्तक पदराखाली घरीही जाऊ लागलं. सगळीच पुस्तकं तिला पटली असं नाही. एकात लिहिलं होतं, सकाळी खिडकीच्या काचेवर साचलेलं बर्फ भिंगातून पहा. सौंसर तालुक्यात! “लिवनाऱ्याले सांगा, आमच्याकडे खिडकीले काच नाई अन् बर्फ फक्त लग्नाच्या शरबतात रायते,” ती म्हणाली आणि ते पुस्तक तिने उपडं ठेवलं. पण समुद्राचं एक जाड निळं होतं, ते तिने मुद्दाम शेवटी वाचायचं म्हणून मागे ठेवलं. समुद्र तिने पाहिलेला नव्हता, पुढे पाहील असंही काही दिसत नव्हतं. गोड पदार्थ ताटात शेवटपर्यंत राखून ठेवतात, तसं.

पोरांनाही तिने त्यात ओढलं. पंगतीत डाव हातात धरून ती उभी राहायची आणि वाढायच्या आधी विचारायची, “फोडनीत मोहरी तडतडते, जिरं काहून नाई तडतडत?” उत्तर चुकलं तरी वरण मिळे. पण नुसतंच ताट पुढे करणाऱ्याला ती डाव वर धरून ठेवी. “अरे, चूक तं सांग. मुका काहून बसला?” गावाने लगेच तिचं नाव काहूनबाई ठेवलं. नाव ठेवण्यात आमचं गाव तालुक्यात पहिलं आहे. बाकी कशात नाही.

सातवीतली प्रणाली तिची खास. बाईला जोडाक्षरं अडली की ही पोरगी फोडून द्यायची. एकदा तिने तोच मोहरीचा प्रश्न वर्गात केशवरावांना विचारला. केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “परीक्षेत येत नाही.” मोहरी का तडतडते ह्याचं एवढं पक्कं उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

आता पन्नीची, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीची, गोष्ट. संत्र्याला बहार हवा असला की आमच्याकडे थंडीत झाडाचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि मग एक दिवस पाणी सोडलं की जिवावरचं संकट टळल्यासारखं ते फुलांनी भरून जातं. ह्याला ताण देणं म्हणतात. ताण किती दिवसांचा, हे प्रत्येक बागवाल्याला अगदी पक्कं ठाऊक असतं आणि कोणत्याही दोघांचं जुळत नाही.

डिसेंबरात जयवंताबाईने झाडांचं एक हिरवं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, झाडालाही घाम येतो. खरं वाटत नसेल तर सकाळी पानांच्या एका फांदीला पारदर्शक पिशवी घाला, तोंड दोऱ्याने आवळा, संध्याकाळी पिशवीत पाणी दिसेल. बाईला खरं वाटलं नाहीच. मग तिच्या मनात पुढचं आलं, जे पुस्तकात नव्हतं: ताणावरच्या झाडाला प्यायलाच काही नाही, त्याला घाम येईल कुठून?

तिने मुरमुऱ्याच्या दोन पन्न्या धुतल्या. एक शाळेच्या हँडपंपाजवळच्या संत्र्याला बांधली. तिथे पोरं हात धुतात, त्यामुळे त्या झाडाची बारा महिने चैन. दुसरी घरी जायच्या वाटेवर गुणवंताभाऊच्या बागेत, कुंपणाला लागून असलेल्या झाडाला. गुणवंताभाऊची चारशे झाडं सोळा दिवसांपासून ताणावर होती. संध्याकाळी पाहिलं. हँडपंपाच्या पन्नीत चमचाभर पाणी. गुणवंताभाऊच्या पन्नीत आतून नुसती वाफ धरलेली, दोनचार थेंब. बाई त्या झाडापुढे उभी राहिली. ह्यानं तोंड मिटून घेतलं, तिला वाटलं. गरीब माणूस घरात पाहुणा आला की डबा झाकून ठेवतो, तसं. प्रणाली सोडली तर तिने कोणाला सांगितलं नाही, कारण मोठ्यांत सांगायला सुखदेव होता आणि तो झोपला होता. तीनचार दिवस तीच पन्नी ती रोज सकाळी फांदी बदलून बांधी आणि संध्याकाळी पाही. थेंब कमी कमी होत गेले.

तिथेच आमच्या गावाने अक्कल दाखवली.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या बागेचा चिंधू धुऱ्यावरून, दोन बागांमधल्या बांधावरून, जात होता. त्याला झाडावर चमकणारं काहीतरी दिसलं.

“काय गा गुणवंताभाऊ, झाडाले पन्नी काहून बांधली?”

गुणवंताभाऊने पन्नी पाहिलीही नव्हती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कोणती पन्नी? पण गुणवंताभाऊ शाळा समितीचा अध्यक्ष, प्रणालीचा आजोबा, आणि सरकारी खर्चाने एकदा बागाईत पाहायला जाऊन आलेला. त्या टूरमधून त्याने एक टोपी आणली होती आणि ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द तिकडेच विसरून आला होता.

“टेक्निक हाये,” तो म्हणाला.

“कोनती?”

“फॉरेनची. टूरमधे सांगतली होती. तुले नाई समजनार.”

चिंधू गेल्यावर तो धावत कुंपणाशी आला, पन्नी वरून पाहिली, खालून पाहिली, आत थेंब दिसले. समजलं काहीच नाही. म्हणून त्याने दुपारपर्यंत आणखी चाळीस झाडांना पन्न्या बांधल्या. चिंधूने ते पाहिलं आणि साठ झाडांना बांधल्या. चाळिसात जर फॉरेन असेल तर साठात त्याच्याही पलीकडचं काहीतरी असणार. तिसऱ्या दिवशी अख्खं शिवार चमकू लागलं. जिथे पन्न्या पुरल्या नाहीत तिथे दुधाच्या पिशव्या धुऊन लावल्या. मोहगावचे लोक मोटारसायकलवर पाहायला आले आणि व्हिडिओ काढून गेले. सौंसरला वीरेंद्रचं खता-बियाण्याचं दुकान आहे. त्याने लगेच जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि गिऱ्हाईकाला सांगू लागला, ही हवेतलं पाणी ओढून झाडाला पाजते, आता ओलिताची चिंता नाही. हवेतलं पाणी ओढतं ह्याचा पुरावा? आत थेंब दिसतात ना! ते थेंब झाडाच्याच अंगातले आहेत, तहानलेल्याच्याच गळ्यातून काढलेले; पण ते आले कुठून, हे विचारायला एकाही बागवाल्याचं तोंड उघडलं नाही.

जयवंताबाईने शिवार पाहिलं तेव्हा आधी तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून ती वाटेतच खाली बसली. मग हसू ओसरलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, पिशवी एका दिवसाची. जास्त ठेवली तर उन्हाने आत पानं भाजतात. इथे पन्न्या बांधून पाच दिवस झाले होते, आणि पन्नी पाणी पाजते म्हणून लोक ओलीतही पुढे ढकलत होते. ती गुणवंताभाऊच्या दारी गेली.

“भाऊ, पन्न्या काढून घ्या. पानं जळतीन. अन् झाडाले आता पानी सोडा, तान पुरा झाला.”

गुणवंताभाऊ खाटेवर बसून टोपी झटकत होता. “तुले कोनं सांगतलं?”

“पुस्तकात हाये. अन् मी पाह्यलं बी.”

“जयवंता,” तो म्हणाला, आणि ओट्यावर बसलेल्या चारसहा जणांना ऐकू जाईल एवढा आवाज काढला, “तू आपलं वरण सांभाळ. संत्रं आमी बापजाद्यापासून पाहून राहिलो.”

ओट्यावरचे हसले. त्यांच्याही बागेत पन्न्या होत्या.

नवव्या-दहाव्या दिवशी पन्न्यांच्या आतली पानं तपकिरी झाली. फांद्यांची टोकं वाळली. लांबून पाहावं तर बाग झपाटल्यासारखी दिसे, जवळून पाहावं तर मालकाचं तोंड तसं. आता टेक्निक कोणाची, हा प्रश्न निघाला. आठ दिवसांपूर्वी ती सगळ्यांची होती. आता कोणाचीच नव्हती. चिंधू म्हणे गुणवंताभाऊची. गुणवंताभाऊ म्हणे दुकानदाराची. वीरेंद्र म्हणे मी तर फक्त पिशव्या विकतो, त्यात काय भरायचं ते गिऱ्हाईक जाणे. सोमवारी रात्री जेवताना प्रणाली सहज बोलून गेली, “आजोबा, पयली पन्नी तं जयवंतामावशीनं बांधली होती. प्रयोगासाठी.”

गुणवंताभाऊचा घास तोंडातच राहिला. मग त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने आणखी एक भाकर घेतली. गुन्हेगार सापडली होती, आणि ती दोन खणांच्या घरातली होती.

मंगळवारी सकाळी त्याने केशवरावांना गाठलं. दुपारी वरण करपलं, केशवरावांनी ताळा न करता उत्तर काढलं, आणि मग काय झालं ते तुम्ही ऐकलंच. शनिवारी शाळेत समितीची बैठक बोलावली. ठराव आधीच ठरला होता: स्वयंपाकाला दुसरी बाई, आणि कपाटाची चाबी गुरुजींकडे. पांढुर्णा हा नवा जिल्हा झाल्यापासून साहेब जवळ आले होते, जानेवारीत तपासणी होती. कुलूप पक्कं हवं.

शुक्रवारी जयवंताबाईला जेवण गेलं नाही. काम गेलं तर संत्रातोडणी होती, कापूसवेचणी होती. हातांना कामाची कमी नव्हती. पण तिने साठांतली बावीस वाचली होती. एकोणतीस राहिली होती. हिशेब चुकतोय असं वाटेल, पण तो तिने बरोबर केला होता, थांबा, कळेल. आणि त्या एकोणतिसांत ते निळं समुद्राचं होतं, गोड म्हणून राखलेलं. चाबी गेली की ते पुन्हा उघडायचं नव्हतं. फोटो काढायला उघडतील, अकरा मिनिटं.

“माफी मागून टाक,” सुखदेव म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

“काहून?” ती म्हणाली. सुखदेवने कूस बदलली.

शनिवारी वर्गात अर्धं गाव जमलं. ज्यांची पोरं शाळेत नाहीत तेही आले होते, कारण बघायला काही मिळणार होतं. केशवराव खुर्चीवर, शेजारी टोपी घालून गुणवंताभाऊ. जयवंताबाई पिशवी घेऊन आली आणि भिंतीशी उभी राहिली.

“बाई,” केशवराव म्हणाले, “अकरा पुस्तकं कपाटात नाहीत. सरकारी मालमत्ता आहे. चुलीत घातली ना?”

बाईने पिशवीतून पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. एक, दोन, अकरा. बातमी तिथल्या तिथे मेली आणि तिच्या मयतीला कोणी गेलं नाही. चारही साक्षीदार खिडकीबाहेर पाहू लागले. केशवरावांनी एक पुस्तक उघडलं. पानावर हळदीचं बोट उमटलेलं.

“हे पहा! खराब केली! पानापानावर हळद!”

“वाचली का बोट लागनारच, गुरुजी.”

“ही पुस्तकं लेकरांसाठी आहेत!”

“लेकराइले कधी देली?”

मागून कोणीतरी खोकलं. केशवराव म्हणाले, “विषय तो नाही.” बाईने पुन्हा पिशवीत हात घातला आणि सकाळीच कपाटाच्या तळातून उचललेली आणखी नऊ पुस्तकं काढली. पुस्तकं म्हणजे पुठ्ठे. कोपरे कुरतडलेले, पानांचा भुगा, एका पुस्तकातला हत्ती मागच्या पायांपासून शेपटीपर्यंत खाल्लेला.

“हे नऊ उंदराइनं खाल्ले,” ती म्हणाली. “कुलपात. दोन वर्सं खात होते. त्याइच्यावर बैठक काहून नाई बसली?”

आता खोकला दोन-तीन ठिकाणांहून आला. केशवरावांनी चष्मा काढला, पुसला. तपासणीला साहेब आले की हा हत्ती टेबलावर येणार, हे त्यांच्या डोळ्यांपुढे दिसू लागलं. हळद लागलेली अकरा दाखवता येतील, पोरं वाचतात म्हणून सांगता येईल. पण हत्तीला काय सांगायचं? त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“तसं पाहिलं तर, वापर झाला आहे, वाईट नाही. वापर दिसला पाहिजे असंच वरून पत्र आहे.”

गुणवंताभाऊला ठराव हातचा जाताना दिसला. तो उभा राहिला. “पुस्तकाचं सोडा गुरुजी. हिच्यापायी गावाच्या बागा वाळल्या! हिनं माह्या झाडाले मले न इचारता पन्नी बांधली का नाई? हो म्हन!”

“हो. एक बांधली,” जयवंताबाई म्हणाली. “चुकलं माह्यं, इचाराले पाह्यजे होतं. पन मी एक बांधली, भाऊ. रोज संध्याकाळी सोडत होती. बाकीच्या कोनं बांधल्या?”

गुणवंताभाऊने टोपी सरळ केली. “ते... टेक्निक म्हनून...”

“आजोबा,” मागून प्रणालीचा आवाज आला, सातवीतल्या पोरांना खोटंही पचत नाही आणि घाईही आवरत नाही, “तुमीच तं चिंधूकाकाले म्हतलं होतं का फॉरेनची हाये म्हनून. टूरमधे सांगतली म्हनून.”

वर्गात जे हसू फुटलं ते आमच्या गावाच्या खास पद्धतीचं होतं: ज्यांनी साठ बांधल्या ते चाळीसवाल्याला हसले, ज्यांनी दुधाच्या पिशव्या लावल्या ते दोघांनाही. चिंधू सगळ्यांत मोठ्याने हसला आणि मग त्याला आपली बाग आठवली.

“आता काय करू म्हनतेस?” त्यानेच विचारलं, हसणं अर्ध्यावर टाकून. “झाडं गेली का?”

“नाई गेली. पन्न्या काढा, वाळली टोकं छाटा, अन् आज रात्रीच पानी सोडा. तान जास्त होऊन राहिला. माह्या पन्नीत शेवटी एखादाच थेंब आला.”

दोघेतिघे तेवढ्यावरच उठून निघाले. बैठक मोडायला आली. गुणवंताभाऊला ही गोष्ट आता इथेच पुरून टाकायची होती, आणि पुरायची तर बाईला हलवून चालणार नव्हतं. हललेली बाई गावोगाव बोलते. तो खाली बसला आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, “चाबी राहू द्या तिच्याकडेच. दुसरी बाई कोन शोधत बसते.”

जयवंताबाईचा हात कमरेच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. एकोणतीस, तिने मनात म्हटलं, आणि निळं शेवटी.

केशवरावांना मात्र हरल्यासारखं वाटत होतं आणि हरलेल्या मास्तराला शेवटचं वाक्य आपलंच हवं असतं. पुस्तकं गोळा करताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय बाई, ह्या वयात ही लेकरांची पुस्तकं वाचून शास्त्रज्ञ व्हायचं आहे का?”

लोक पुन्हा हसायला तयार झाले. जयवंताबाईने रिकामी पिशवी झटकली, घडी घातली आणि म्हणाली:

“नाई गुरुजी. मी फक्त काहून म्हनून इचारलं. तुमच्या शिकलेल्या गावानं तेवढंबी नाई इचारलं, अन् साऱ्या शिवाराले पन्न्या बांधल्या.”